राज्यघटनेनुसार समाजवादी देश कोणते? भारत त्यात धरायचा का?

भारत धरायचा, पण चीनच्या रांगेत नाही. रत्नागिरीत स्पर्धा परीक्षेची मुलं मला हेच विचारतात. मी सांगतो, आधी घटना उघडा आणि तो शब्द तिथे काय काम करतो ते बघा.

चीन, व्हिएतनाम, क्यूबा, लाओस इथे घटनाच एका पक्षाकडे नेतृत्व देते. क्यूबाच्या 2019 च्या घटनेत तर समाजवादी व्यवस्था बदलता येणार नाही असंच लिहिलंय. उत्तर कोरियाही याच गटात.

दुसरा गट बहुपक्षीय देशांचा. श्रीलंकेच्या नावातच तो शब्द आहे, टांझानियाच्या कलम 3 मध्ये आहे, पोर्तुगालच्या प्रास्ताविकेत समाजवादी समाजाकडे वाटचालीचा उल्लेख आहे. इथे निवडणुकीत सरकार बदलू शकतं, धोरणही बदलू शकतं. भारत याच गटात.

आपल्याकडे हा शब्द 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आला. 1948 मध्ये घटना समितीचे सदस्य के. टी. शहांनी तो घालायची सूचना केली, तेव्हा बाबासाहेबांनी (मूळ गाव आपल्या मंडणगडातलं आंबडवे) ती नाकारली. समाजरचना कशी असावी हे लोकांनी काळानुसार ठरवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि हा शब्द आला तो आणीबाणीत, राजापूरचे समाजवादी खासदार मधु दंडवते ज्या आणीबाणीत तुरुंगात होते त्याच. मला हे फार खटकतं.

स्वीडन, नॉर्वे मात्र यादीत घालू नका. कल्याणकारी योजना भरपूर आहेत, घटनेत समाजवाद नाही.