सासूबाईंची भीती सहा वर्षांनीही का जात नाही?

प्रश्न: आमचं गाव धडगाव तालुक्यात. सहा वर्षांपूर्वी गावात एक मूल दगावलं आणि भगताने सासूबाईंना डाकीण ठरवलं. कोंडून मिरचीची धुरी दिली, मारलं. आता कोणी त्रास देत नाही. तरी फोडणीत मिरची पडली की त्या बाहेर धावतात. होळीचे ढोल सुरू झाले की रात्रभर जागतात. काय करावं?

उत्तर: ताई, हे ढोंग नाही आणि वेडही नाही. जिवावर बेतलं तेव्हाचा वास, आवाज मेंदूने धोक्याची खूण म्हणून धरून ठेवलाय. इतक्या वर्षांनीही यावर उपचार होतो.

त्या घाबरल्या की ‘डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या’ म्हणू नका. त्यांचा श्वासच धुराने कोंडला होता; डोळे मिटले की तीच खोली समोर येते. डोळे उघडे, तळपाय जमिनीवर, हातात गार पाण्याचा तांब्या. आज वार कोणता, अंगणात काय दिसतंय, ते विचारा. जरा सावरल्या की मग श्वास: चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. न विचारता अंगाला हात लावू नका. मिरची भाजायची ती अंगणात, त्यांना आधी सांगून. पण चुलीपासून कायमचं दूर ठेवलंत तर भीती उलट पक्की होते. परत जवळ आणायचं ते समुपदेशकाच्या सल्ल्याने, हळूहळू.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. या आघातावरच्या बोलण्याच्या उपचाराला साधारण 8 ते 12 बैठका लागतात. गोळ्या दिल्या तर गुण यायला चार-सहा आठवडे जातात. लोक पंधरा दिवसांत सोडतात आणि तिथेच घोटाळा होतो. उताऱ्यासाठी पुन्हा भगताकडे नेणं तर नकोच.

राहिली पोलिसांत तक्रार. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांहून जास्त असल्याने तक्रारीची मुदत संपत नाही. उशीर का झाला तेवढं जबाबात लिहायचं. बाईला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यांच्या 15100 वर विचारा. मात्र निर्णय सासूबाईंचाच. त्यांना वारंवार ‘काय झालं ते सांगा’ करू नका. दवाखान्याचे जुने केसपेपर आणि साक्षीदारांची नावं तेवढी आजच एका वहीत जपून ठेवा.