वाचकांचे प्रश्न : पंपाचे व्होल्ट कुठे मोजायचे आणि कधी?

प्रश्न (गुहागर) : वाडीतल्या विहिरीवर १ एचपीचा सिंगल फेज पंप आहे. घरापासून विहीर १२० मीटर, केबल तांब्याची २.५ चौरस मिमी. पंप सुरू करताना नुसता गुणगुणतो, कधी फिरतो, कधी नाही. वायरमनने पंप बंद ठेवून विहिरीपाशी व्होल्टेज मोजलं, ते २२५ भरलं. 'सप्लाय ठीक आहे, पंपच गेला' असं त्याचं म्हणणं. फिरतो तेव्हा पंप ७ अँपिअर घेतो. २२५ भागिले ७ म्हणजे रोध ३२ ओहम यायला हवा, पण मीटर वाइंडिंगला (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला) ३ ओहमच दाखवतो. वाइंडिंग जळालं का?

उत्तर : या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. रिवाइंडिंगसाठी पंप उचलण्याआधी केबल तपासा.

आधी ३२ आणि ३ चा घोळ. व्होल्टला करंटने भागून रोध काढायचा हे इस्त्री, गिझर, पाणी तापवायचा रॉड यांना सरळ लागू पडतं. मोटरच्या तारेचा स्वतःचा रोध काही ओहमच असतो. फिरू लागल्यावर तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे करंटला जो आणखी अडथळा होतो, तो मीटरला दिसत नाही. म्हणून ३ ओहममध्ये वावगं काही नाही. मोटरचे वॅटही नुसत्या व्होल्ट गुणिले अँपिअरने येत नाहीत, त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे मोटरसाठीच्या एकाहून लहान गुणकाने, गुणावं लागतं. तो ०.८५ धरला तर २२५ × ७ × ०.८५ म्हणजे सुमारे १३४० वॅट. पण हा २२५ आकडा पंप बंद असतानाचा आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

केबलमध्ये व्होल्ट पडतात, म्हणजे वाटेत कमी होतात, ते करंट गुणिले केबलचा रोध इतके. करंट शून्य असेल तर पडणारे व्होल्टही शून्य. केबलमधला वायरींचा सांधा कितीही सडलेला असो, पंप बंद असताना मीटर पूर्ण २२५ च दाखवणार. मोजमाप लोड (वीज घेणारं उपकरण) चालू ठेवूनच व्हायला हवं, आणि दोन्ही टोकांना.

लोड म्हणून पंपाऐवजी पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड घ्या. मोटरचा करंट व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो, त्यामुळे साधा भागाकार चुकतो. रॉडला ती अडचण नाही. पंप सोडवून त्या जागी रॉड जोडायचं काम वायरमनकडूनच करून घ्या. रॉड प्लास्टिकच्या बादलीत बुडवूनच सुरू करावा आणि चालू असताना पाण्याला हात लावू नये. करंट मोजणारा क्लॅम्प मीटर (चिमट्यासारखा) एकाच वायरभोवती अडकवा. दोन्ही वायरी आत घेतल्या तर तो शून्य दाखवतो.

समजा घरी २१७ व्होल्ट, विहिरीपाशी २०२.६ आणि करंट ५.७५ अँपिअर मिळाला. फरक १४.४ व्होल्ट. १४.४ ÷ ५.७५ = २.५ ओहम, हा केबलचा प्रत्यक्ष रोध. आता तो असायला किती हवा? करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी १२० नव्हे, २४० मीटर धरायची (हे बरेच जण विसरतात). २.५ चौरस मिमीच्या लवचिक तांब्याच्या केबलला किलोमीटरमागे साधारण ८ ओहम, म्हणजे १.९ ओहम. जास्तीचे ०.६ ओहम कुठल्यातरी सांध्यात बसले आहेत.

०.६ ओहम किरकोळ वाटतो, पण ७ अँपिअरला तिथे ७ × ७ × ०.६ = २९ वॅट उष्णता होते, तीही बोटभर जागेत. टेप वितळते, तांबं काळं पडतं, रोध आणखी वाढतो. पंप सुरू होताना करंट क्षणभर तिप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. २० अँपिअरला २.५ ओहमच्या केबलमध्ये ५० व्होल्टपर्यंत पडतात, पंपाला १७५ उरतात. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तो साठ टक्क्यांवर येतो. गुणगुणण्याचं हे पुरेसं कारण आहे. सांधा ठीक करूनही गुणगुण राहिली तर मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर बदलून पाहा. वाइंडिंगचा विचार त्यानंतर.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पिळा मारून टेप गुंडाळलेला सांधा टिकत नाही. पावसाळ्यात ओल आत शिरते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. मेन स्विच बंद करून वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, तांब्याची नळी क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा), त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा, आणि सांधा जमिनीपासून वर, झाकणाच्या डब्यात ठेवा. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम थेट पिळू नका. ओलसर खाऱ्या हवेत ती जोडी फार लवकर खराब होते. केबलच बदलणार असाल तर ४ चौरस मिमी घ्या, रोध १.२ ओहमवर येईल.

प्रश्न (वेंगुर्ले) : संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं. २००० वॅटचा गिझर तेव्हा कमी वीज खातो का?

उत्तर : वॅट कमी होतात, युनिट नाही. कॉइलचा रोध २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. १९० व्होल्टला १९० × १९० ÷ २६.४५ = १३६५ वॅट. १५ लिटर पाणी २७ वरून ५७ अंशांवर न्यायला १६ मिनिटांऐवजी २३ मिनिटं लागतील. जास्त वेळात टाकीतून थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून बिल झालंच तर किंचित वाढेल.

प्रश्न (देवगड) : ६० वॅटच्या जुन्या बल्बचा रोध सूत्राने ८८२ ओहम येतो, मीटर मात्र ६५ दाखवतो. मीटर बिघडला का?

उत्तर : नाही. ८८२ हा तार पेटलेली असतानाचा रोध. बल्बची तार टंगस्टनची असते, आणि थंड टंगस्टनचा रोध त्याच्या दहा-पंधरा पटींनी कमी असतो. गिझरची कॉइल नायक्रोम या मिश्रधातूची असते. तापल्यावर तिचा रोध थोडाच बदलतो, म्हणून मेन बंद करून, वायरी सोडवून मोजलेला थंड कॉइलचा आकडा वरच्या हिशेबाला चालतो.