आधी हौदा उतरव

ट्रॉय, मिशिगन
खंडेनवमीनंतरचा रविवार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले आणि यादीही वाचली. शेव्हर्लेचा हा सी-टेन ट्रक छान आहे. वर्कशॉपसाठी घ्यायच्या वस्तूंची यादी भयंकर आहे.

आधी ट्रकविषयी. दाराजवळच्या पट्टीचा फोटो मोठा करून बघितला. गाडीच्या ओळखीचा आकडा ‘सीएस१४०एफ’ असा सुरू होतो. सी म्हणजे फक्त मागच्या चाकांना ओढ असलेला, एस म्हणजे सहा सिलिंडरचा, १ म्हणजे अर्ध्या टनाचा, ४ म्हणजे पिकअप, ० म्हणजे १९७० आणि एफ म्हणजे फ्लिंटचा कारखाना. तुझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर जन्मलेला ट्रक आहे हा. पण बॉनेटखाली तर व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिसतंय! म्हणजे मधल्या पन्नास वर्षांत कुणीतरी इंजिन बदललं. विकणाऱ्यानं ‘ओरिजिनल थ्री-फिफ्टी’ (३५० घनइंचांचं व्ही-एट) म्हणून सांगितलं असेल, तर त्याच्याशी भांडत बसू नकोस, त्यालाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. पट्टीवरचा आकडा आणि टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदावरचा आकडा मात्र आजच्या आज जुळवून बघ. गंजलेलं सगळं बदलता येतं. कागद चुकीचा निघाला तर काय करायचं, ते मला नाही सांगता येणार.

आता यादी. मी मोजल्या, सव्वीस वस्तू आहेत. टू-पोस्ट लिफ्ट (गाडी उचलणारी, दोन खांबांची), प्लाझ्मा कटर, साठ गॅलनचा कॉम्प्रेसर, जमिनीला इपॉक्सी. सव्विसात अग्निशामक एकही नाही.

तू लिहितेस, ‘काका, आधी वर्कशॉप नीट करते, मग ट्रकला हात लावते.’ माझं म्हणणं उलटं आहे. ज्या गॅरेजात अजून एक बोल्ट सैल केला नाही, त्याला काय लागणार हे तुला आत्ता कळणारच नाही. लिफ्टचंच घे. तुझं छत फोटोवरून नऊ फुटांचं वाटतं. टू-पोस्ट लिफ्टला साधारण बारा फूट उंची लागते आणि खाली किमान चार इंच जाडीचं, तडा नसलेलं काँक्रीट. म्हणजे लिफ्ट बाद. आता उरलेल्या पंचवीस वस्तूंकडे त्याच नजरेनं बघ.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात वाढलो, हे तुला माहीत आहे. तिथला माझा सगळ्यात मोठा धडा तंत्राचा नाही, गल्लीचा आहे. एका पत्र्याच्या शेडात लेथ, शेजारी बोअरिंग, समोर ग्राइंडिंग, कोपऱ्यावर फाउंड्रीवाल्याचं दुकान. सगळी यंत्रं एकाच्याच मालकीची, असं मी क्वचितच पाहिलं. काम हातगाडीवरून या दारातून त्या दारात जायचं. त्याला जॉबवर्क म्हणतात, आणि तुझ्या आसपासही ते अजून जिवंत आहे. डेट्रॉइटच्या उपनगरांत ब्लॉक बोअर करणारी, ड्राइव्हशाफ्ट तोडून बॅलन्स करून देणारी, चासी सँडब्लास्ट करून देणारी छोटी दुकानं आहेत. वर्षातून एकदा लागणारं यंत्र घरात ठेवलं, की ते उरलेले तीनशे चौसष्ट दिवस जागेचं भाडं खातं.

आणि जागा तुझ्याकडे नाहीच. तुझं गॅरेज वीस फूट खोल. लाँग-बेड, म्हणजे लांब हौद्याच्या सी-टेनची लांबी सतरा फुटांच्या वर. पुढे-मागे मिळून तीन फूटही उरत नाहीत, त्यात तू भिंतीला दोन फुटी वर्कबेंच ठोकायला निघाली आहेस. मग ट्रक आत असताना बेंचला जागा नाही आणि बेंचला जागा दिली तर दार लागणार नाही. यावर तुझा उपाय असा, की चासी कापून ट्रक शॉर्ट-बेड करायचा. लोक करतात तसं. लाँग-बेडच्या दोन चाकांमधलं अंतर १२७ इंच, शॉर्टचं ११५, म्हणजे मधले बारा इंच काढायचे, मागचं टोकही आखूड करायचं आणि हौदा तोडून जोडायचा. पण पहिल्याच वर्षी, पहिल्याच ट्रकवर, उधारीच्या वेल्डरनं? चासीचा तो जोड उद्या सत्तर मैलांच्या वेगानं तुझ्या पाठीमागे असणार आहे. आणि एवढं करून मिळणार किती, तर फूट-दीड फूट.

त्यापेक्षा हौदा उतरव. मोजक्या बोल्टांवर बसलेला असतो तो. बोल्ट गंजून बसले असतील, म्हणून आजपासून रोज संध्याकाळी त्यांच्यावर तेल सोड. चार माणसांनी उचलला की आला. बाहेर चाकांच्या गाडीवर ठेवून ताडपत्री टाक. चासीच्या वर आणि बाजूंना हात घालायला जागा मोकळी होते, चासीची मागची बाजू उघडी पडते आणि वाकून मोडणारी कमरही वाचते. बेंच मात्र भिंतीला ठोकू नकोस, त्याला कुलूप लागणारी चाकं लाव. माझ्या गॅरेजात आज एकच वस्तू जमिनीला बोल्टनं बांधलेली आहे, ती म्हणजे व्हाइसचा खांब. तोही दोनदा हलवून झाला.

हौदा उतरल्यावर पहिले चार-सहा शनिवार ट्रकला नाही, विजेला दे. पुढे सगळं ओढलं जातं ते तिथूनच. परमिट काढ आणि इलेक्ट्रिशियनकडून वेल्डरसाठी २४० व्होल्ट, ५० अँपिअरची वेगळी लाइन घे. तो आलाच आहे तर कॉम्प्रेसरची लाइनही त्याच वेळी ओढून घे, नाहीतर भिंत दुसऱ्यांदा फोडावी लागते. कॉम्प्रेसर आत्ता घेऊ नकोस, नुसती लाइन. तुझ्याकडचा लहान कॉम्प्रेसर ९० पीएसआय दाबाला मिनिटाला अडीच-तीन घनफूट हवा देतो. टायर भरायला आणि धूळ उडवायला तो पुरतो. पत्रा घासायला डीए सँडर लावशील तेव्हा त्याला दहा-बारा घनफूट लागतील, आणि तो दिवस यायला अजून निदान वर्ष आहे. तेव्हा घे. उजेड मात्र भरपूर कर. डोक्यावर दिवे लावतातच सगळे, पण ट्रकच्या खाली काम करताना त्यांचा काही उपयोग नसतो. भिंतीवर कमरेच्या उंचीला दोन पट्ट्या लाव.

आगीचं लिहायचा कंटाळा येतो, पण लिहितोच. तुझा पाणी तापवायचा गॅसचा बंब गॅरेजातच दिसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते. म्हणून तर बंबाची ज्योत जमिनीपासून १८ इंच वर ठेवायचा नियम आहे. आणि तुझ्या ट्रकची पेट्रोलची टाकी कुठे आहे, माहीत आहे? केबिनमध्ये, तुझ्या सीटच्या पाठीमागे. त्या काळी तशीच देत. ती पहिली काढ, रिकामी करून घराबाहेर ने. नवी टाकी पुढे मागच्या बाजूला, चासीच्या दोन पट्ट्यांमध्ये बसव. ब्रेक-क्लीनरचा डबा वेल्डिंगच्या जवळपास नको. क्लोरीन असलेलं क्लीनर ओलं असताना आर्क पेटवला तर फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला तोच वायू. हौद्याच्या लाकडी फळ्यांना जवसाचं तेल लावशील, तर तेलाचा बोळा गोळा करून फेकू नकोस. तो आपोआप पेटतो. बाहेर पसरून वाळव. आणि वेल्डिंग थांबलं की तासभर तिथेच बस. चहा पी, हिशेब लिही, काहीही कर, पण घरात जाऊ नकोस.

बाकी ट्रकच्या कामात माझा एकच हट्ट आहे: ट्रक कधीही ढकलता आला पाहिजे. चारही चाकं जमिनीवर, स्टिअरिंग वळतंय, ब्रेक लागतोय. एका वेळी एकच अवयव उघडायचा, तो मिटला की दुसरा.

हे मी शहाणपणानं म्हणत नाही. माझा पहिला ट्रक याच पिढीतला, १९६८ चा. दोन रविवारांत मी तो पुरता सोलला. सोलायला काय, एक पाना आणि उत्साह पुरतो. बोल्ट कॉफीच्या डब्यांत टाकले, ‘आठवेल की’ म्हणून. मग रॉकर बघितले. रॉकर म्हणजे दाराखालची पट्टी. इथल्या रस्त्यांवरचं मीठ तिथे आतून खातं, वरून रंग साबूत दिसतो. तुझ्या ट्रकचंही तिथे आणि केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांत स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ. जिथे आत जाईल तिथे पत्रा नाही, नुसता रंग आहे. तर मी रॉकर कापला, लगेच फरशीचा पत्रा कापला आणि त्याच दमात केबिनचा कोपराही. नवीन पत्रे वेल्ड केले. काम दिसायला देखणं. दार लावायला गेलो तर लॅच तीन सूत खाली. जी पट्टी केबिनला तोलून धरत होती तीच काढल्यावर केबिन बसली, आणि बसलेल्या केबिनवर मी नवे पत्रे पक्के करून टाकले. ते सगळं पुन्हा कापलं. मध्ये चौदा महिने गेले, कारण ट्रक हलवता येत नव्हता, त्यामुळे गॅरेजात दुसरं काही करता येत नव्हतं, त्यामुळे मी गॅरेजात जाईनासाच झालो.

ते काम असं करतात: दार लावलेलंच ठेवायचं, फटी बघून घ्यायच्या. दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड करायचे, दार उघडमीट होईल अशा बेतानं. मग एकाच बाजूचा एकच तुकडा कापायचा. नवा पत्रा क्लॅम्पनं धरून दार लावून बघायचं, मगच टाके. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्याला वेल्डिंगची ०.०२३ इंची तार आणि पंचाहत्तर टक्के आर्गॉन वायूचं मिश्रण, आणि सलग रेघ ओढायची नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, हाताला सोसेल एवढं थंड होऊ दे, मग मधला. एका रॉकरला अख्खा दिवस जातो, जाऊ दे. मापाला माझ्याकडचा ओळंबा आणि पाणसळ नेहमी वापरतो, लेझर नाही. इंचाचे आठ भाग करणाऱ्या या देशात मला एक सोय झाली, माझं सूत अजून चालतं.

इंजिनाचं तुझ्या मनात फार आहे, म्हणून शेवटी ठेवलं. जुन्या सिल्व्हेराडोतलं ५.३ लिटरचं इंजिन चांगलंच आहे, वाद नाही. पण त्याला ५८ पीएसआयचा पेट्रोल पंप लागतो, तुझ्या कार्ब्युरेटरचं पाच-सात पीएसआयवर भागतं. म्हणजे टाकी, नळ्या, वायरिंग, कॉम्प्युटर, सगळं बदलणं आलं, आणि ते चालू होईपर्यंत ट्रक उभा. आहे ते थ्री-फिफ्टी चालतंय ना? चालू दे दोन वर्षं. त्याआधी ब्रेक. १९७० ला या अर्ध्या टनाच्या ट्रकला चारही ड्रम होते, पुढे डिस्क १९७१ पासून आले. भंगारातल्या ७१-७२ च्या ट्रकचे डिस्क थेट बसवायचा मोह होईल. बसतातही. पण तेव्हाच चाकांचे बोल्ट सहाचे पाच झाले. पुढे पाच, मागे सहा आणि स्टेपनी एकच, ती कुठे लावणार? एक तर सहा बोल्टांचे रोटर (डिस्क ब्रेकच्या तबकड्या) घे, नाहीतर मागचाही अ‍ॅक्सल बदलायची तयारी ठेव.

रंग बाहेर दे. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगातलं आयसोसायनेट फुप्फुसं खातं, साध्या मास्कनं अडत नाही. बास, त्यावर चर्चा नको.

हिवाळा तोंडावर आहे. प्रोपेनचा उघडा हीटर आणू नकोस. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर आहेच, शिवाय जळताना पाण्याची वाफ सोडतो. सकाळी उठून बघशील तर घासून उजळलेल्या पत्र्यावर तांबडी साय. आधी गॅरेजच्या दाराला इन्शुलेशन लाव, फटींना रबर लाव, उष्णतेचं नंतर बघू. कदाचित एवढ्यावरच भागेल.

पुढच्या शनिवारी सकाळी नऊला येतो. क्लबातले तिघे तयार आहेत, त्यांना मिसळ कबूल केली आहे, ती मी आणतो, तू पाव आण. जॅक-स्टँड चार हवेत, तीन-तीन टनांचे. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रकखाली तू दिसलीस तर मी तसाच परत जाईन. बोल्ट ठेवायला झिप-पिशव्या आणि लिहायला काळा मार्कर घे, कॉफीचे डबे नकोत. आणि हौद्याला हात लावण्याआधी ब्रेक सोडून ट्रक एकदा ढकलून बघायचा आहे, तेव्हा मागच्या चाकांपुढची ती खोकी हलवून ठेव.

तुझा,
काका