सहावीच्या हजेरी-गुणांच्या नोंदी गुगल शीट्सवर ठेवायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

हजेरीपासून करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हजेरीपट कागदावर भराभर होतो आणि शाळेच्या दप्तरी तसाही लागतो. गुणांपासून सुरुवात करा, आणि तेही प्रश्नवार.

पुढच्या घटक चाचणीलाच करून बघा. डावीकडे हजेरी क्रमांक आणि नाव, वरच्या ओळीत प्रश्न क्रमांक, त्याखाली तो प्रश्न कशावर आहे ते दोन शब्दांत. कंडिशनल फॉरमॅटिंग (अटीनुसार चौकोनाला रंग देणारी सोय) लावून शून्य गुणांचे चौकोन लाल करा. माझ्या वर्गाच्या अपूर्णांकांच्या चाचणीत समान छेदांच्या बेरजेच्या रकान्यात लाल जवळजवळ दिसलाच नाही आणि भिन्न छेदांचा वरपासून खालपर्यंत लाल झाला. उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. पोरांनी १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं होतं, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता. नुसत्या एकूण गुणांवरून हे कळणं कठीण, कारण बाकीच्या प्रश्नांनी बेरीज सावरून धरलेली असते. पुढचा घटक थांबवून कागदाच्या पट्ट्या दुमडत सममूल्य अपूर्णांक पुन्हा घेतले. एवढ्यासाठी तरी शीट वापराच.

गैरहजर मुलापुढे शून्य टाकू नका, ‘गैर’ लिहा. ॲव्हरेजचं सूत्र शून्य धरतं आणि अक्षरं सोडून देतं. त्यामुळे आजारी मुलाच्या शून्याने वर्गाची सरासरी उगाच खाली येते.

श्रेणीसाठी इफ (‘अमुक असेल तर तमुक’) या सूत्रात पुन्हा इफ घालत बसू नका. सहावीला आकारिक (सत्रभरातल्या कामाचे) ५० आणि संकलित (सत्राअखेरच्या चाचणीचे) ५० मिळून १०० होतात. बाजूच्या टॅबवर छोटा तक्ता करा: ०, २१, ३३, ४१, ५१, ६१, ७१, ८१, ९१ आणि त्यांच्यासमोर ई-२ पासून अ-१ पर्यंत श्रेणी. आकडे चढत्या क्रमानेच हवेत. मग व्हीलुकअप (तक्त्यात आकडा शोधून त्याच्यासमोरची नोंद आणणारं सूत्र) लावून शेवटच्या जागी ट्रू लिहिलं की श्रेणी आपोआप येते.

जपायचं ते सॉर्ट करताना. फक्त गुणांचा रकाना निवडून सॉर्ट केला की नावं जागच्या जागी राहतात आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे जातात. दिसायला सगळं व्यवस्थित, म्हणून लक्षातही येत नाही. त्यापेक्षा फिल्टर व्ह्यू वापरा, मूळ क्रम हलत नाही. तरीही गोंधळ झालाच तर फाइल मेनूतल्या व्हर्जन हिस्ट्रीतून आधीची प्रत परत आणता येते. सूत्रांचे रकाने प्रोटेक्ट करून ठेवा, विशेषतः दोघं-तिघं शिक्षक एकाच शीटवर गुण भरत असतील तर.

शाळेत नेटवर्क जात असेल तर घरीच ऑफलाइन सोय चालू करून ठेवा. नेट आलं की नोंदी आपोआप जुळतात.

आणि ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय मुलांच्या शीटला कधीच देऊ नका. ती लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की कोणाकोणाकडे पोचेल याला धरबंध नाही, आणि मागे पडलेल्या मुलाचे गुण सगळ्या गावाने बघावेत हे मला अजिबात पटत नाही. सहशिक्षकांना ज्याच्या-त्याच्या ईमेलवर परवानगी द्या. आधार क्रमांक, जात, पालकांचा फोन यातलं काहीही गुणांच्या शीटवर नको. पालकांना दाखवायचं असेल तर फक्त त्यांच्या मुलाची ओळ छापून हातात द्या.