कोकणातल्या जांभ्यात गाडलेली वस्तू शोधणारा जीपीआर बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी जमिनीतले पाइप-केबल शोधणारा जीपीआर, म्हणजे ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार (जमिनीत रेडिओ लहरी सोडून परतलेल्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं यंत्र), बनवायचा आहे. आपल्याकडच्या जमिनीत तो चालेल का आणि सुरुवात कुठून करायची? चालेल. पण सगळीकडे नाही आणि बाराही महिने नाही. मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जमीन बघा, सर्किट नंतर. कोरड्या वाळूत लहरी नॅनोसेकंदाला साधारण 15 सेंटिमीटर जातात, ओल्या मातीत त्याच्या निम्म्यानेच. म्हणजे मातीतला वेग ठाऊक नसेल तर खोलीचं गणित दुपटीने चुकतं. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, वरची कोरडी वाळू छान दिसते, पण खाली खारं पाणी लागलं की खेळ संपला. खाऱ्या पाण्यात 400 मेगाहर्ट्झची लहर काही सेंटिमीटरमध्येच विरून जाते. तिथे पॉवर वाढवून काहीही हाती लागत नाही.

जांभा वेगळाच त्रास देतो. त्यात लोह भरपूर, त्यामुळे साधा मेटल डिटेक्टर गोंधळतो. शिवाय आत पोकळ्या असतात, आणि पोकळी पाइपसारखीच कमान काढते. अँटेना वस्तूजवळ जाताना अंतर कमी होतं, पुढे गेल्यावर वाढतं, म्हणून पडद्यावर कमान उमटते. मग पाइप कुठला आणि पोकळी कुठली? परतलेली लहर सुलटी आहे की उलटी, म्हणजे तिचे चढ-उतार पालटलेत का, ते बघा. धातूवरून ती उलटी होऊन येते, हवेच्या पोकळीच्या वरच्या कडेवरून सुलटी. कच्चा सिग्नल जपून ठेवला असेल तरच हा फरक दिसतो. बरेच जण थेट रंगीत चित्र काढतात आणि नेमकी हीच माहिती गमावतात.

हार्डवेअरसाठी स्वस्तातला नॅनोव्हीएनए (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल मोजणारं छोटं यंत्र) आणि दोन बो-टाय, म्हणजे बो-टायच्या आकाराच्या, अँटेना पुरतात. फ्रिक्वेन्सी पायरीपायरीने बदलत मोजायचं आणि इन्व्हर्स फूरिए (फ्रिक्वेन्सीच्या मोजणीवरून वेळेनुसारचा सिग्नल काढणारं गणित) घेऊन वेळेचा आलेख काढायचा. 800 मेगाहर्ट्झ बँडविड्थ (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची रुंदी) मिळाली, तर कोरड्याशा जांभ्यात साधारण 6 ते 7 सेंटिमीटर अंतराने असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसायला हव्यात. खरी डोकेदुखी म्हणजे एका अँटेनातून दुसरीत थेट शिरणारा सिग्नल. तो जमिनीतल्या प्रतिध्वनीपेक्षा कितीतरी मोठा असतो. वेळ घालवायचा तर शील्डिंगवर, म्हणजे हा थेट सिग्नल अडवण्यावर, घालवा. आधी जीपीआरमॅक्स या मोफत सॉफ्टवेअरवर सिम्युलेशन करून घ्या.

चाचणीसाठी खड्डा खणून पाइप पुरू नका. खणलेली माती सैल होते आणि तुम्ही पाइप नाही, खड्डाच शोधत बसता. त्यापेक्षा मालकाची परवानगी घेऊन बंद पडलेल्या चिरेखाणीत जा. खाणीच्या उभ्या भिंतीत, वरून अर्धा मीटर खाली, ड्रिलने आडवं भोक पाडा आणि त्यात लोखंडी सळई सरकवा. मग वरच्या सड्यावर, म्हणजे खाणीवरच्या सपाट कातळावर, कडेपासून सुरक्षित अंतर ठेवून पण सळईच्या लांबीच्या आतच, तिला आडवी रेघ मारत अँटेना ओढा. वरची जमीन जशीच्या तशी राहते, खोली टेपने मोजलेली असते, त्यामुळे वेग थेट मिळतो. सळई काढून तीच रेघ पुन्हा ओढलीत की रिकाम्या भोकाचा सिग्नल मिळतो, आणि तो सळईच्या उलट आला पाहिजे. भोक मात्र बऱ्यापैकी रुंद पाडा, नाहीतर हवेचा सिग्नल फारच क्षीण येईल.

ही मोजणी मार्च-एप्रिलमध्ये करा आणि पावसाळ्यात, सडा निसरडा नसेल अशा एखाद्या उघडिपीच्या दिवशी, तिथेच परत करा. या दोन आलेखांतला फरक तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी छापा.