वाचकांचे प्रश्न : सभागृहात हसू आले तर?

प्रश्न : एका प्रायोगिक संगीताच्या कार्यक्रमात वादकाने गंभीर चेहऱ्याने पियानोच्या तारांवर चमचे ठेवले आणि मग फुगा घासून आवाज काढला. मला हसू आवरले नाही. शेजारच्या श्रोत्यांनी रागाने पाहिले. मी कलावंताचा अपमान केला का?

उत्तर : नाही. गंभीर शांतता, काळे पोशाख, सर्वांची एकाग्र नजर आणि त्यात अचानक फुगा, एवढी विसंगती समोर आल्यावर हसू येणे स्वाभाविकच आहे. मात्र ते हसू बहुधा डोळ्यांना आलेले असते. कानांनी अजून ऐकायला सुरुवातही केलेली नसते.

अमेरिकन प्रायोगिक संगीतकार जॉन केज यांनी 1960 साली अमेरिकेतील ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘वॉटर वॉक’ ही स्वतःची रचना सादर केली. न्हाणीचा टब, प्रेशर कुकर, बर्फाचे खडे, झारी, रबरी बदक आणि पियानो अशी तिची सामग्री होती. प्रेक्षकांपैकी काही जण हसतील, याची कल्पना सूत्रसंचालक गॅरी मूर यांनी आधीच दिली, तेव्हा आपल्याला रडण्यापेक्षा हसणे अधिक पसंत आहे, अशा अर्थाचे उत्तर केज यांनी दिले. रचनेत पाच रेडिओही होते, पण त्यांची जोडणी कोणत्या कामगार संघटनेने करायची या वादात ते बंदच राहिले. म्हणून केज यांनी रेडिओ सुरू करण्याच्या जागी त्यांवर थाप मारली आणि बंद करण्याच्या जागी त्यांना सरळ टेबलावरून खाली ढकलले. प्रेक्षक खळखळून हसत होते. तरीही केज यांची नजर स्टॉपवॉचवर होती, कारण प्रत्येक कृतीची वेळ ठरलेली होती. विनोदी नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. केज थांबले नाहीत, आणि माझ्या मते विनोद व ही रचना यांतला फरक नेमका तेथेच आहे. शिवाय 1952 मध्ये ज्यांच्या ‘4′33″’ या रचनेत पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी एकही स्वर न वाजवता सभागृहातील कुजबुज आणि बाहेरचे आवाज श्रोत्यांच्या कानी पडू दिले, ते केज हशाला संगीताबाहेर कसे काढणार?

जाणूनबुजून हसवणारे संगीतही असते. 1956 च्या हॉफनंग या विनोदी संगीत महोत्सवासाठी संगीतकार माल्कम आर्नल्ड यांनी व्हॅक्यूम क्लीनर, फरशी घासण्याचे यंत्र आणि बंदुका यांसह वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेत न हसणे हाच अपमान ठरावा. संगीतकार लिगेती यांची शंभर मेट्रोनोमांची, म्हणजे टकटक करून लय दाखवणाऱ्या चावीच्या यंत्रांची, रचना मात्र वेगळी आहे. एवढी यंत्रे एकदम टकटकू लागली की प्रथम गंमत वाटते. पुढे एकेकाची चावी उतरते, आवाजाच्या गर्दीतून वेगवेगळ्या लयी सुट्या होऊ लागतात आणि शेवटी उरलेल्या एकाची टकटक ऐकताना आपण कधी हसायचे थांबलो, हे लक्षातही येत नाही. पुढच्या वेळी हसू आले की क्षणभर डोळे मिटून पाहावे. ऐकण्यासारखे काही उरत असेल, तर ते तेव्हा कळते.

प्रश्न : आम्ही स्वतः असे प्रयोग करतो. लोक हसतात, तेव्हा थांबावे, की कार्यक्रमाआधीच सूचना द्यावी?

उत्तर : सूचना देऊ नये. ‘कृपया हसू नका’ असे सांगितलेले सभागृह हमखास हसते. आपणही हसून किंवा खांदे उडवून श्रोत्यांशी संगनमत करू नये, कारण मग पुढचा प्रत्येक आवाज ते गंमत म्हणूनच ऐकतात. संहितेतील वेळ काटेकोर पाळावी. एखाद्या विचित्र दिसणाऱ्या कृतीनंतर लगेच अतिशय हळू स्वर येत असेल, तर तो हशात बुडणार हे गृहीत धरावे. रचना आपलीच असल्यास तेथे काही सेकंद मोकळे ठेवता येतील. मात्र हे सेकंद लिहितानाच ठरवावेत, रंगमंचावर प्रतिसाद पाहून नव्हे.

काहीशा खोडकर तयारीसाठी संगीतकार माउरिसियो कागेल यांची 1981 मधील ‘फिनाले’ ही रचना पाहावी. तिच्यात वाद्यवृंदाच्या संचालकाने वादनाच्या मध्येच कोसळायचे, असे संहितेतच लिहिलेले आहे. हसावे की मदतीला धावावे, हे श्रोत्यांना कळत नाही, आणि वादक मात्र पुढे वाजवतच राहतात.