स्पिन आइसमधले मोनोपोल विद्युतभारित द्रवासारखे मानणं ही नुसती गणिती सोय आहे का? आणि ही तुलना कुठपर्यंत चालते?

नाही, नुसती सोय नाही. असाच आक्षेप मी भर सेमिनारमध्ये ऐकून घेतलाय, म्हणून राहवलं नाही.

माझी पीएचडी डिस्प्रोशियम टायटनेटवर. हा एक स्पिन आइस, म्हणजे ज्यातले स्पिन (अणूंची छोटी चुंबकं) बर्फातल्या हायड्रोजनसारख्या नियमाने मांडलेले असतात असा स्फटिक. मोनोपोल म्हणजे त्यातला सुट्या उत्तर किंवा दक्षिण ध्रुवासारखा वागणारा दोष. प्रबंध देण्याआधीच्या सेमिनारला विभागातले एक ज्येष्ठ सर उठून म्हणाले, "मोनोपोलच नाहीत, तर द्रव कसला?" पडद्यावर तेव्हा माझा विशिष्ट उष्म्याचा आलेख होता. तांदळाच्या दाण्याएवढा पिवळसर पारदर्शक स्फटिक, तांब्याच्या पट्टीला व्हार्निशने चिकटवलेला. अर्ध्या केल्विनखाली गेलं की एकेका बिंदूसाठी ताटकळत बसायचं, कारण स्पिन लवकर समतोलात येतच नाहीत.

चार स्पिनच्या प्रत्येक चतुष्फलकात दोन स्पिन आत, दोन बाहेर रोखलेले असतात; हा नियम मोडला की मोनोपोल तयार होतो आणि त्याला साधारण ४.३५ केल्विन (तापमानाच्या एककात सांगितलेली) इतकी ऊर्जा लागते. एवढंच धरून मोजलं तर मोनोपोल कमी भरतात, आलेख जुळत नाही. पण प्रत्येकाभोवती विरुद्ध भाराचे मोनोपोल जमतात, त्यामुळे ही ऊर्जा थोडी घटते. डिबाय आणि ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये मिठाच्या द्रावणासाठी मांडलेलं गणित ते हेच. ते लावलं आणि वक्र बिंदूंवरून गेला. आणि इथे भार मनाला येईल तो घेता येत नाही; डिस्प्रोशियमचं चुंबकीय आघूर्ण आणि स्फटिकातलं अंतर कळलं की तो ठरलाच.

सर म्हणाले, योगायोग. हेच सर दरवर्षी सेमीकंडक्टर शिकवताना फळ्यावर होल काढतात, त्याला धन भार देतात, वस्तुमानही देतात. इलेक्ट्रॉन नसलेली जागा खरी, आणि कूलंबच्या नियमाने एकमेकांना ओढणारे मोनोपोल खोटे? हा न्याय मला तेव्हा पटला नाही, आजही पटत नाही.

तुमचे मार्गदर्शकही 'सोय' म्हणत असतील तर आधी कॅस्टेलनोव्हो, मोसनर आणि सोंधी यांचा २००८ चा पेपर त्यांच्यासमोर ठेवा. मग २०१९ चा प्रयोग दाखवा: मोनोपोल जोडीने जन्मतात, पुन्हा जुळून नाहीसे होतात, आणि त्यातून उठणारा चुंबकीय नॉइज स्क्विडने (अतिसंवेदनशील चुंबकमापकाने) पकडलाय. तोही ऐकू येणाऱ्या वारंवारतेत.

हो, हे डिरॅकने १९३१ मध्ये मांडलेले खरे मूलभूत मोनोपोल नव्हेत. बी या एकूण चुंबकीय क्षेत्राचं डायव्हर्जन्स इथेही शून्यच असतं, म्हणजे त्याला कुठे उगम नसतो. हे भार एच क्षेत्राचे (बीमधून पदार्थाच्या चुंबकनाचा वाटा वजा केला की उरणाऱ्या क्षेत्राचे) उगम आहेत. शिवाय मिठाच्या पाण्यासारखा सतत प्रवाह यातून मिळत नाही. मोनोपोल गेला की वाटेतले स्पिन उलटतात, त्याच जातीच्या दुसऱ्याला त्याच वाटेने लगेच जाता येत नाही. स्थिर क्षेत्र लावलं तर प्रवाह थोडा वेळ वाहतो आणि नमुना चुंबकित झाला की थांबतो. एसी ससेप्टिबिलिटी (बदलत्या चुंबकीय क्षेत्राला नमुना देतो तो प्रतिसाद) मोजणार असाल तर हे गृहीत धरूनच मॉडेल लिहा.